ओंजळीतली हळद

दिनकर बोराट्यानं ओंजळीत हळद घेतली आणि मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. मागं हलगी-ताशा कडाडत होता, नाथाच्या वाडीची माणसं अंगणात दाटीवाटीनं उभी होती, फेट्यांचे तुरे हलत होते. मी म्हटलं, "वाजवायचं थांबवा." कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी शेतातल्या पाखरांना हाकारतात तशी ओरडले, "अरे, थांबवा ते! कान किटले माझे!"

ताशेवाला बावचळून थांबला. वाडीकरांचे सोपानतात्या, वर्षानुवर्षं हे लग्न लावणारे म्हातारे गृहस्थ, काठी टेकत पुढं आले.

"काय गं शेवंता? काय राहिलं का करायचं?"

"राहिलंय की तात्या. अकरा वर्षं राहिलंय."

तात्यांना काही कळलं नाही. दिनकरला कळलं. त्याची मान ताठ झाली, ती मी बघितली.

हे सगळं एकोणनव्वद सालचं. आमच्या आंबवडीची जोगूबाई म्हणजे नाथाची बायको. नाथाचं देऊळ तीन कोसांवर, डोंगराच्या सोंडेवर. बाई मात्र राहते आमच्या रासकरांच्या देवघरात, पितळी मुखवट्यात. अकरा महिने माहेरी, एक महिना सासरी. का, तर म्हणे लग्नाच्या पहिल्याच वर्षी नाथ तिला चार माणसांत वरच्या पट्टीत बोलला. बाई तडक माहेरी निघून आली. तिकडं नाथाची पालखी उचलायला गेले तर खांदेकऱ्यांचे खांदे सोलून निघाले, पालखी जागची हलली नाही. तेव्हापासून दर चैत्रात वाडीकरांनी यायचं, हात जोडायचे, लग्न लावून तिला न्यायचं, तेव्हा कुठं नाथ पालखीत बसणार. आमच्याकडं लोक म्हणतातच, आधी जोगूबाई, मग नाथ. देव मोठा खरा, पण हळद तिची.

तिला न्यायचा मान बोराट्यांचा, द्यायचा मान आमचा. मानकऱ्यानं तिच्या पायाशी वर्षभर ठेवलेली हळद ओंजळीत घ्यायची. घरच्या माणसानं तीनदा विचारायचं, "लेक नांदवाल का?" त्यानं तीनदा म्हणायचं, "नांदवू." मग हळद मुखवट्यावर उधळायची, चांगभलं करायचं, की झालं.

आणि ती हळद ओंजळीत असताना खोटं बोलायचं नाही. तीनदा खोटं बोललं तर त्या घराचा दिवा विझतो, वंश बुडतो. ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती हं. आमच्या गावात बांधावरून दोन भाऊ कोर्टात दहा वर्षं शपथेवर धडधडीत खोटं बोलले. शेवटी पंचांनी दोघांना आमच्या देवघरात बसवून हळद पुढं केली, तर थोरला हात झटकून उठला आणि चार हात बांध सोडून मोकळा झाला. कोर्टाची शपथ ती कोर्टाची. ही बाईची.

माझी आक्का, कौसल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. देवांची सोयरीक होतीच, ती माणसांत आणू म्हणून आमच्या वडिलांनी, आबांनी, तिला दिनकरला दिली. आबांना कोण अभिमान! "देवानं जिथं बायको केली तिथं आमची पोर," असं चावडीवर सांगायचे. सात वर्षं नांदली. सात वर्षांत मूल झालं नाही, आणि मग तिच्या दंडावर, पाठीवर काय काय दिसायचं ते मी न्हाणीत बघितलेलं आहे. संक्रांतीला आली तेव्हा म्हणाली, "शेवंते, मी परत जात न्हाई बघ." आबा म्हणाले, "चैत्र तोंडावर आलाय, आत्ता नको. लगीन झालं की बघू." तिनं पिशवी भरली आणि गेली.

फाल्गुनात सांगावा आला, विहिरीवर पाय घसरला, कौसा बुडाली.

आक्का बुडाली! आठव्या वर्षी पाठीला भोपळा न बांधता आमच्या विहिरीत मुटका मारणारी पोर. पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीच्या तळाची माती आणून दाखवायची. ती बुडाली, आणि तेही फाल्गुनात, छातीभर पाण्यात! मी घसा फोडून सांगत होते, कुणी ऐकलं नाही. आबांनी फौजदारापुढं सही केली, 'आमचा कुणावर संशय नाही.' मी म्हटलं, आबा साधाभोळा माणूस, वाडीच्या लोकांनी घोळात घेतला. आणि सत्तावीस दिवसांनी, मी मोजलेत, हाच दिनकर याच अंगणात ओंजळीत हळद घेऊन उभा राहिला आणि तीनदा "नांदवू" म्हणाला. आबांनी मुखवटा त्याच्या हातात दिला. एका लेकीची राख निवली नव्हती, तोवर दुसरी दिली.

पुढच्या महिन्यात, वैशाखात, माझं लग्न झालं. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. देवमाणूस. दिनकरनंही दुसरी केली, तिला मुलगा झाला. सगळ्यांचं सगळं नीट लागलं. मी मात्र दर चैत्रात माहेरी यायची, खांबाला टेकून उभी राहायची आणि त्या माणसाची ओंजळ बघायची. म्हणायची, बाई, तू अशी कशी जातेस गं दर वर्षी त्याच्या हातून? तुला दिसत नाही? पण आबा होते तोवर विचारायचा मान त्यांचा.

आदल्या श्रावणात आबा गेले. आम्हाला भाऊ नाही. पंचांनी ठरवलं, शेवंता विचारील. वाडीकर म्हणाले, बाईमाणूस तर बाईमाणूस, दोन शब्द तर म्हणायचेत.

हीच त्यांची चूक झाली.

त्या दिवशी सकाळी मी जोगूबाईला न्हाऊ घातलं, चिंचेनं मुखवटा घासला, नेसवलं, आमच्याच मळ्यातल्या अबोलीची वेणी घातली. कौल लावायची रीत आहे. मुखवट्याच्या दोन्ही अंगाला ओली फुलं चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. मी फुलं हातात घेतली आणि परत परडीत ठेवली. नको म्हणाली असती तर? मला थांबायचं नव्हतंच. तिला म्हटलं, "आज तुला विचारत नाही. आज तू नुसती ऐक."

मागं दारात आई उभी होती. विधवा बाईनं त्या दिवशी जोगूबाईसमोर यायचं नाही, म्हणून ती स्वयंपाकघराच्या चौकटीबाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "शेवंते, जसं चालत आलंय तसं चालू दे गं."

"काय चालत आलंय, आई?"

"तुझ्या डोळ्यांत दिसतंय मला. भलतंसलतं करू नगंस. तुझं भरलं घर हाय."

"आणि आक्काचं?"

आई चुलीकडं वळली. मला वाटलं, म्हातारी घाबरली.

तर अशी मी उंबऱ्यात उभी. समोर दिनकर, चाळिशीतला, अंगानं सुटलेला, नवा कोरा फेटा. त्याच्या मागं त्याची आई ठकूबाई, हिरवं लुगडं, हातात ओटीचं ताट. भोवती दोन्ही गावं.

"दाजी," मी म्हटलं, "लेक न्यायला आलाय?"

"व्हय," तो म्हणाला. "विचारा काय ते. ऊन झालंय."

"विचारते. आमची आक्का विहिरीत पाय घसरून पडली का?"

गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

दिनकर हसला. म्हणजे ओठ हसले. "हे काय मधीच? तात्या, सांगा की जरा हिला."

सोपानतात्या म्हणाले, "शेवंता, हे इचारायचं नसतं, बाळ. रीत न्हाई ती."

"कुठल्या पोथीत लिहिलंय, तात्या? घरच्यानं तीनदा विचारायचं आणि मानकऱ्यानं हळदीवर उत्तर द्यायचं, एवढीच रीत. लेक द्यायच्या आधी लोक सासरची चौकशी करत नाहीत? मी आधी दिलेल्या लेकीची चौकशी करते. तिचं काय केलंत ते सांगा, म्हणजे हिला द्यायची का ते मी ठरवते."

"सोड गं बाई! मेलेलं मढं उकरू नकोस!" वाडीकडचा कुणीतरी ओरडला. तर आमच्या आंबवडीच्या बायकांतून आवाज आला, "का? इचारू द्या की! खरं असंल तर म्हणंल की व्हय! कुणाच्या बापाचं काय जातंय?" आणि बाया कुजबुजायला लागल्या. बायकांना सगळं माहीत असतं हो. त्या फक्त कुणीतरी पहिलं बोलायची वाट बघत असतात.

दिनकर फसला होता. हळद खाली टाकावी तर लग्न मोडलं, नाथाला बायको नाही, वाडीनं त्याला फाडून खाल्लं असतं. ओंजळ धरून गप्प राहावं तर गप्प राहणं म्हणजेच उत्तर. तो घाम पुसू शकत नव्हता, हात भरलेले. मला ते बघून फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? अकरा वर्षं या क्षणाची मी मनात इतकी उजळणी केली होती की आता घाई कसलीच नव्हती.

"पहिल्यांदा विचारते. पाय घसरला का?"

"व्हय," तो म्हणाला. "घसरला."

"मोठ्यानं."

"व्हय! घसरला!"

"दुसऱ्यांदा. पाय घसरला का, दिनकर बोराटे?" आता मी दाजीही म्हटलं नाही.

त्यानं मुखवट्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढली. बोटांच्या फटीतून हळदीची बारीक धार लागली होती, नव्या धोतरावर पडत होती. "व्हय," तो पुटपुटला.

"तिसऱ्यांदा विचारते. सांभाळून बोल. घरात मुलगा आहे ना तुला? एकुलता? पाय घसरला का?"

त्यानं तोंड उघडलं. आणि ठकूबाईच्या हातातलं ताट खणकन पडलं. नारळ, तांदूळ सगळीकडं. म्हातारी पुढं झेपावली आणि तिनं लेकाच्या हातांवर असा फटका मारला की सगळी हळद अंगणात सांडली.

"म्हणू नगंस! दिन्या, तिसऱ्यांदा म्हणू नगंस! घरात एकच लेकरू हाय माझं!"

दिनकर पिवळ्या हातांनी तसाच उभा, आणि म्हातारी त्याच्या पायाशी बसलेली, छाती बडवत.

सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. पण मला थांबायचं नव्हतं. अंगात आल्यासारखं झालं होतं म्हणा ना.

"काय झालं होतं ते सांग, म्हातारे," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"भाकरीला उशीर झाला," ती म्हणाली. "दिन्यानं खोऱ्याचा दांडा मारला. डोस्क्यात बसला. ती काठावर व्हती, पडली आत."

"मेली होती का पडताना?"

"न्हाई."

"मग?"

"हात हलवत व्हती. मी म्हणलं, दिन्या, उतर. तो उतरला न्हाई. मी बी वरडली न्हाई."

आंबवडीच्या बायका रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "परत सांग."

"शेवंता, पुरं आता," सोपानतात्या म्हणाले.

"तुम्ही मधे पडू नका. तीनदा विचारायचा मान आमचा आहे. सांग गं, परत सांग."

तिनं परत सांगितलं, दांडा, काठ, हलणारे हात. सांगताना तिचा आवाज पार खाली गेला होता. मी एकेक शब्द कानात साठवून घेतला. वाटलं, आक्का, ऐक. ऐकतेस ना? दिनकर पळून जायला बघत होता, त्याला त्याच्याच गावच्या दोघांनी दंडाला धरला होता.

"आता तिसऱ्यांदा," मी म्हटलं.

ठकूबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांतलं भय गेलं होतं. माणसाला सगळ्या बाजूंनी रेटलं की ते उलटं फिरतं, तसं काहीतरी झालं तिचं.

"तिसऱ्यांदा पायजे तुला? मग पुरतं घे," ती म्हणाली. "तुझ्या बापाला समदं ठावं व्हतं. मढं वर काढलं तवा डोस्क्याची खोक त्यानंच बघितली. आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली. वर पदर नीट केला. आमी पाय धरले त्याचे. तर म्हणाला, वैशाखात माझ्या धाकटीचं लगीन ठरलंय, मास्तर हाय पोरगा, पोलिसाचं लफडं झालं तर सोयरीक मोडंल. बोभाटा करू नका. मी सही करतो."

"थोबाड फोडीन!" मी ओरडले. "मेलेल्या माणसावर ढकलतेस? खोटारडे!"

म्हातारी वाकली. जमिनीवर सांडलेली हळद, मातीसकट, दोन्ही हातांनी गोळा केली, ओंजळ केली आणि माझ्यापुढं धरली.

"तीनदा म्हणू का?" ती म्हणाली. "म्हणते. माझा नातू हाय घरात, तरी म्हणते. इचार."

मी विचारलं नाही.

मी मागं वळले. "आई!"

आई स्वयंपाकघरातून आली. जोगूबाईसमोर, भर माणसांत, पांढऱ्या कपाळानं. कुणी तिला अडवलं नाही. मी जोगूबाईपुढच्या परातीतली उरलेली हळद मूठभर घेतली आणि तिच्यापुढं धरली.

"ओंजळ कर," मी म्हटलं. "ही म्हणते ते खोटं आहे, एवढंच म्हण. एकदाच म्हण. तीनदा नको."

आईनं माझ्या मुठीकडं बघितलं. मग हळूच दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आई, हात बाहेर काढ."

तिनं काढले नाहीत. खाली बघत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तुझं घर बसलं न्हवं, शेवंते? तुझी पोरं बघ. सोन्यावाणी हायत."

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी मुखवट्यापुढं उभी राहून तीनदा म्हणाले, "लेक देत नाही. लेक देत नाही. लेक देत नाही." वाडीकर रिकाम्या हातांनी, वाजंत्री न वाजवता परत गेले. फौजदार आला, तेव्हा दोन्ही गावांत कुणी काही ऐकलं नव्हतं. तात्यांनाही त्या दिवशी कमी ऐकू येत होतं म्हणे. पण दिनकरचा मान गेला, तो आजतागायत. त्याच्या घरात पुढं कुणी मुलगी दिली नाही आणि त्याच्या दारात कुणी पाणी प्यायलं नाही. त्यानं विहीर बुजवली आणि चार वर्षांत वाडी सोडली. नाथ नऊ वर्षं पालखीत बसला नाही. मग वाडीनं मान दुसऱ्या घराला दिला, आणि मी जोगूबाई दिली. नवा मानकरी नांदवू म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. कापायलाच हवा.

हे सगळं मनासारखं झालं. ज्यानं त्यानं आपलं भोगलं. पण आबांना मी काय करणार होते? ते तर श्रावणातच राख झालेले. आणि मी स्वतः? माझा संसार म्हणजे आक्काच्या डोक्यातली ती पुसलेली खोक, हे कळल्यावर मी नवऱ्याला सोडू की पोरांना? त्यांचा काय गुन्हा?

आईला दुसरं कुणी नव्हतं. जोगूबाईला सोडून मला आंबवडीतून हलता येईना, म्हणून यांनी बदली मागून घेतली आणि आम्ही माहेरच्या घरीच राहायला आलो. आई अजून आठ वर्षं जगली. मी तिचं सगळं केलं. आंघोळ, औषध, डोळ्यांचं ऑपरेशन, शेवटी शेवटी हागणंमुतणंसुद्धा. गावानं नावाजलं, लेक असावी तर अशी. एक गोष्ट फक्त घरातल्या माणसांना ठाऊक होती. त्या चैत्रापासून तिच्या हातचं मी खाल्लं नाही. तिनं भाकरी थापली की मी माझी वेगळी थापायची. तिनं ताट वाढलं की उठून जायची. पोरं बघायची, हे बघायचे.

जायच्या आधी दोन दिवस ती जरा हुशारली. मी भात कालवून तिच्यापुढं बसले होते. तिनं माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं, कापऱ्या बोटांनी एक घास केला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"एवढा तरी खा गं," ती म्हणाली. "मग जाते मी."

हात किती वेळ तसा धरून ठेवला होता तिनं. शितं मनगटावरून ओघळत होती.

सूड घ्यायला माझ्या हाताशी तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी तोंड फिरवलं.